शुक, सारिका आणि जोडी : भारतीय घरातील पोपटपालनाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पाली जातककथांच्या संग्रहातील १४५ वी कथा 'राधजातक' या नावाने ओळखली जाते. राध आणि पोट्ठपाद हे दोन पोपट भाऊ कोवळ्या वयातच पक्षी धरणाऱ्याच्या हाती सापडतात. तो त्यांना वाराणसीतील एका ब्राह्मणाच्या स्वाधीन करतो आणि ब्राह्मण त्यांचा पोटच्या मुलांसारखा सांभाळ करतो. पुढे ब्राह्मण परगावी जाताना पत्नीच्या वर्तनावर लक्ष ठेवण्याचे काम या दोघांवर सोपवतो. तिचा स्वैराचार पाहून धाकटा भाऊ बोलू पाहतो, थोरला त्याला आवरतो आणि ब्राह्मण परतल्यावर दोघेही ते घर सोडून वनात उडून जातात. याच नावाच्या १९८ व्या कथेत मात्र धाकटा गप्प राहू शकत नाही. ब्राह्मणपत्नी त्याची मान मुरगळून त्याला चुलीत टाकते आणि थोरला एकटाच वनात जातो.

या कथांचा अभ्यास बहुधा नीतिकथा म्हणून किंवा स्त्रीविषयक दृष्टिकोनाचे साधन म्हणून झाला आहे. प्राण्यांच्या पालनाच्या दृष्टीने पाहता त्यांचा आरंभ अधिक मोलाचा ठरतो. दोन कोवळे पक्षी, एकमेकांच्या सोबतीने, एका घरात अपत्याप्रमाणे स्वीकारले जातात. आज ज्याला पोपटांची जोडी दत्तक घेणे असे म्हटले जाते, त्याचे इतके जुने आणि स्पष्ट चित्र भारतीय वाङ्मयात क्वचितच आढळते. कारण त्यानंतरच्या सुमारे दोन हजार वर्षांत भारतीय घरातला पोपट प्रायः एकटा आहे. त्याला सोन्याचा पिंजरा मिळाला, डाळिंबाचे दाणे मिळाले, देवाचे नाव मिळाले. त्याच्या जातीचा सोबती मिळाला नाही. हे असे का झाले आणि जोडीची कल्पना घरात पुन्हा कोणत्या मार्गाने आली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बोलणारा एकटा पक्षी

भारतीय पोपटाची कीर्ती देशाबाहेर गेली ती त्याच्या वाणीमुळे. इराणच्या दुसऱ्या अर्तक्षत्राच्या दरबारातील ग्रीक वैद्य क्तेसियस याने आपल्या भारतविषयक ग्रंथात माणसासारख्या बोलणाऱ्या एका पक्ष्याचे वर्णन केले आहे. हा पक्षी भारतीय भाषा बोलतो आणि शिकवल्यास ग्रीकही बोलेल, असे तो सांगतो. लाल-जांभळा चेहरा आणि काळी दाढी या खुणांवरून तो जांभळ्या डोक्याचा पोपट असावा असे अनेक अभ्यासक मानतात. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस यानेही पोपटाची नोंद आश्चर्य म्हणून केली होती. परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील अरायन तिचा उल्लेख करून लगेच पुढे जातो, कारण त्याच्या काळापर्यंत असे पक्षी रोमन जगात पुष्कळांनी पाहिलेले होते. प्लिनीने मात्र एक कटू तपशील नोंदवून ठेवला आहे. बोलायला शिकवताना या पक्ष्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारतात, नाहीतर त्याला मार जाणवत नाही, असे तो लिहितो. शिक्षण आणि शिक्षा यांची ही सांगड पोपटाच्या वाट्याला फार लवकर आली.

भारतात या कामाला कलेचा दर्जा होता. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत 'शुकसारिकाप्रलापन' ही एक कला आहे, आणि नागरकाच्या दिनचर्येत भोजनोत्तर वेळ पोपट व मैना यांना बोलते करण्यासाठी राखून ठेवलेला आहे. कौटिल्याचा हेतू अधिक व्यवहारी होता. राजवाड्यात शुक, सारिका आणि भृंगराज असावेत, कारण साप किंवा विष यांची शंका आली की ते ओरडतात, असे अर्थशास्त्रात म्हटले आहे. एका ठिकाणी करमणूक, दुसऱ्या ठिकाणी पहारा. दोन्हींकडे पक्ष्याचे मोल त्याच्या कंठात आहे.

शिल्पातील साक्षही हीच आहे. मथुरेजवळील भूतेश्वर येथील कुषाणकालीन वेदिकास्तंभावरील यक्षी एका हातात पिंजरा धरून उभी आहे आणि पिंजऱ्यातून बाहेर आलेला पोपट तिच्या खांद्यावर बसला आहे. पक्षी एकच आहे. त्याची जोडीदार, म्हणायचे तर, ती यक्षीच आहे. अमरुशतकातील प्रसिद्ध प्रसंगात रात्री ऐकलेले पतिपत्नींचे बोलणे पोपट सकाळी वडीलधाऱ्यांसमोर म्हणू लागतो आणि लाजलेली वधू कानातले माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोचीत देऊन त्याचे तोंड बंद करते. प्रसंग विनोदी आहे, परंतु त्यातील निरीक्षण अचूक आहे. ज्या पक्ष्याला स्वतःच्या जातीचा आवाज ऐकू येत नाही, तो घरातलाच आवाज आपला मानतो.

शुक-सारिका : साहित्याने लावलेले लग्न

एकटेपणाची ही उणीव साहित्याला जाणवली नाही असे नाही. परंतु तिची भरपाई त्याने वेगळ्या रीतीने केली. पोपटाला पोपटीण देण्याऐवजी मैना दिली. बाणभट्टाच्या कादंबरीत नायिकेच्या महालात कालिंदी नावाची सारिका आणि परिहास नावाचा शुक यांचे लग्न स्वतः कादंबरीने लावून दिलेले आहे, आणि शुक तांबूलवाहिनी तमालिकेशी कुजबुजताना दिसल्यामुळे सारिका रुसलेली आहे. शुकसप्ततीच्या चौकटीतही घरात शुक आणि सारिका एकत्र आहेत. पती परदेशी गेल्यावर बाहेर पडू पाहणाऱ्या प्रभावतीला सारिका सरळ दटावते आणि तिचा रोष ओढवून घेते. शुक मात्र एकामागून एक कथा सांगून तिला सत्तर रात्री घरी थोपवून ठेवतो. ही कथामाला नख्शबीच्या 'तुतीनामा'तून इसवी सनाच्या चौदाव्या शतकात फार्सीत गेली, अकबराच्या चित्रशाळेत सचित्र झाली, आणि मराठीतही 'शुकबहात्तरी' या नावाने गद्यात उतरली.

जीवशास्त्राच्या दृष्टीने हे जोडपे अशक्य आहे. पोपट आणि मैना यांची कुळेच नव्हे, तर गणही वेगळे आहेत. तरीही मराठी संस्कृतीने ते इतके आपलेसे केले की राघू आणि मैना हे नर-मादीचे नैसर्गिक नाव वाटावे. जात्यावरच्या ओव्यांत राघू हा मुलगा आणि मैना ही मुलगी. पैठणीच्या पदरावर तोता-मैना. रांगोळीत आणि लग्नाच्या तोरणात राघू. अण्णाभाऊ साठे यांच्या छक्कडीत गावी राहिलेली मैना ही मुंबईत पोटासाठी आलेल्या कामकऱ्याची पत्नी. भाषेने एवढे प्रेम दिलेल्या या जोडप्यातले दोन्ही पक्षी प्रत्यक्षात बोलण्यासाठीच पाळले जात होते. त्यांना एकत्र आणणारा दुवा सहवासाचा नसून वाणीचा होता. मानवी भाषेची नक्कल करणारे म्हणून ते एकमेकांचे सोबती मानले गेले.

याच भाषेत 'पोपटपंची' आणि 'पढवलेला पोपट' हे तुच्छतादर्शक शब्दप्रयोगही आहेत. ज्याला शेकडो वर्षे पढवले, त्यालाच पढवलेला म्हणून हिणवले गेले, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९१८ मध्ये 'तोताकाहिनी' या रूपकातून शिक्षणव्यवस्थेवर केलेली टीका याच शब्दप्रतिमेवर उभी आहे. तिथेही पक्षी एकटा आहे आणि त्याच्याभोवती फक्त पंडित आहेत.

पोपटांचा थवा मात्र साहित्यात पिंजऱ्याबाहेरच दिसतो. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत आकाशातून उतरणारी पोपटांची रांग पाचू-माणकांच्या कंठीसारखी भासते. रानातला पोपट अनेकवचनी आणि घरातला एकवचनी, हा भेद सातवाहनकाळापासून आजपर्यंत फारसा बदललेला नाही. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफणीने हाकलला जातो तो थवा. त्याच गावच्या ओसरीवर भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची खातो तो त्यातला एक.

धरण्याची रीत

घरात येणारा पोपट घरात जन्मलेला नसे. तो रानातून आणलेला असे, आणि त्याला आणण्याच्या रीतीतच त्याचे एकटेपण सुरू होई. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात जो दृष्टान्त 'शुकनलिकान्याय' म्हणून प्रसिद्ध आहे, तो मुळात एका फासाचे वर्णन आहे. दोरीवर ओवलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, पक्षी उलटा लोंबकळतो आणि पडण्याच्या भीतीने नळी अधिकच घट्ट धरतो. त्याला कोणीही बांधलेले नसते, तरी तो सुटत नाही. अध्यात्मात हा दृष्टान्त स्वनिर्मित बंधनाचा आहे. पक्षी धरणाऱ्याच्या दृष्टीने ते एक साधे आणि बिनखर्चाचे साधन आहे. मोठे पक्षी अशा फाशांनी, जाळ्यांनी किंवा चिकट लाशाने धरले जात.

परंतु बोलण्यासाठी मोठा पक्षी फारसा उपयोगाचा नसतो. त्यासाठी पिल्लू हवे असते. राघूची वीण साधारणतः जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत होते. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात मादी चार ते सहा अंडी घालते, सुमारे तीन आठवडे उबवते, आणि पिले दीड-दोन महिन्यांत उडू लागतात. पंख फुटण्याच्या आधीच ढोलीतून पिले काढली की ती माणसाच्या हातून भरवली जातात आणि माणसाळतात. कादंबरीतील वैशंपायन या पोपटाने सांगितलेल्या आत्मकथेत विंध्यारण्यातील शाल्मली वृक्षावर चढणारा म्हातारा शबर ढोल्यांतून पक्षी काढून, माना मुरगळून खाली टाकतो. वैशंपायनाची आई त्याच्या जन्मवेळीच गेलेली असते. पिताही या वेळी मारला जातो, आणि पिल्लू पाचोळ्यात पडल्यामुळे तेवढे वाचते. येथे शिकार खाण्यासाठी आहे. पण झाडावर चढणे, ढोली शोधणे, हात घालणे हे तंत्र तेच आहे. पुढे हेच पिल्लू सोन्याच्या पिंजऱ्यातून शूद्रक राजाच्या दरबारात येते आणि सर्वांना चकित करते. राजाला त्याची वाणी आधी ऐकू येते, त्याचे अनाथपण नंतर. बाणाने क्रम असा ठेवला आहे, आणि पोपट पाळणाऱ्या कोणत्याही घराचा अनुभव याच क्रमाचा असतो. फक्त दुसरा भाग बहुधा ऐकूच येत नाही.

एकाच ढोलीतील चार-सहा भावंडे बाजारात पोहोचली की वेगवेगळ्या घरी जात. दोन पोपट एकत्र ठेवले तर ते आपसातच बोलतात आणि माणसाची भाषा शिकत नाहीत, ही पाळणाऱ्यांची जुनी समजूत होती व अजूनही आहे. ती निराधार नव्हे. नक्कल हे पोपटाचे सोबत जोडण्याचे साधन आहे. सोबत मिळाली की परक्या आवाजाची गरज कमी होते. म्हणून 'विठू विठू' म्हणणारा राघू हवा असेल तर भावंडांची ताटातूट ही त्या शिक्षणाची पहिली पायरी ठरे. 'सत्तिगुंबजातक' या आणखी एका कथेत वाऱ्याने दोन पोपट भाऊ वेगळे होतात. एक चोरांच्या वस्तीत वाढून शिव्या शिकतो, दुसरा ऋषींच्या आश्रमात वाढून मधुर बोलतो. संगतीचा परिणाम दाखविण्यासाठी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. भाऊ एकमेकांना दुरावले याचे दुःख तिच्यात कोणाला दिसले नाही.

या साऱ्या इतिहासात जोडीचे काळजीपूर्वक निरीक्षण करणारा एक पाळणारा मात्र आढळतो, आणि त्याचे पक्षी पोपट नाहीत. जहांगीर बादशहाने साधारण महिन्याच्या वयाची सारस पक्ष्यांची दोन पिले वाढवली, त्यांना लैला आणि मजनू अशी नावे दिली, आणि त्यांचे मीलन, अंडी, आळीपाळीने उबवणे यांची तपशीलवार नोंद आपल्या आठवणींत केली. सारस बोलत नाही. कदाचित म्हणूनच बादशहा त्यांच्याकडे नुसता पाहू शकला.

संरक्षण : अशोकापासून १९७२ पर्यंत

पोपटाला शासनाचे संरक्षण देणारा सर्वांत जुना ज्ञात लेख अशोकाचा आहे. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि तिच्यातील पहिली दोन नावे शुक आणि सारिका हीच आहेत. अर्थशास्त्रातही मंगल व विहारपक्ष्यांच्या यादीत शुकाचा समावेश असून त्यांना इजा करण्यास मनाई आहे. संरक्षण होते ते वधापासून, पिंजऱ्यापासून नव्हे. अशोकाच्या त्याच लेखाच्या अखेरीस, सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदिवान मुक्त केल्याचे नमूद आहे. ते बंदिवान अर्थातच माणसे होती.

ब्रिटिश काळात मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या मंडयांत पक्ष्यांचा बाजार स्थिरावला. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूवरील शिल्पे करणारे जे. जे. कलाशाळेतील लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ मध्ये भारतातील माणूस आणि पशुपक्षी यांच्या संबंधांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि त्यात पाळीव पोपटालाही जागा दिली. स्वातंत्र्यानंतर हा व्यापार केवळ देशांतर्गत राहिला नाही. पोपट आणि मुनिया हे भारतातून निर्यात होणाऱ्या जिवंत पक्ष्यांत प्रमुख होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला, तरी देशी पक्ष्यांच्या व्यापाराचे व निर्यातीचे दरवाजे १९९०-९१ मध्येच पूर्णपणे बंद झाले. मीरशिकार, बहेलिया यांसारख्या परंपरेने पक्षी धरणाऱ्या समाजांची उपजीविका त्यामुळे बेकायदा ठरली. त्यांच्यातील काहींचे कौशल्य बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी वापरले, ही या इतिहासातील एक दिलासादायक बाजू आहे. उरलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कायद्याने स्वतःहून सोडवला नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या अनुसूचींची फेररचना झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेला राघू आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. राघू पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी ठेवणे हे सर्व कायद्याविरुद्ध आहे. तरीही ओसऱ्यांवरचे आणि सदनिकांच्या गॅलऱ्यांतले पिंजरे रिकामे झालेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला घरातला सदस्य मानले तो वन्यजीव आहे, हे पटणे कठीण जाते.

बाहेरून आलेली जोडी

राघूवर बंदी आली त्या जागी परदेशी पक्षी आले, आणि ते जोडीने आले. यातला पहिला मान ऑस्ट्रेलियाच्या बजरीगारचा. पक्षितज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी १८४० मध्ये हे पक्षी जिवंत इंग्लंडला नेले आणि पिंजऱ्यात सहज प्रजनन होत असल्यामुळे ते थोड्याच काळात जगभर पसरले. भारतीय बाजारात या बजरीगारलाच 'लव्हबर्ड' म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. त्यांच्या नऊ जातींपैकी आठ मुख्य भूमीवर आणि एक मादागास्करमध्ये आढळते. १८३६ मध्ये सेल्बी यांनी त्यांना दिलेले 'अगापोर्निस' हे नाव प्रेम आणि पक्षी या ग्रीक शब्दांपासून बनले आहे. फ्रेंच व जर्मन भाषांत त्यांना 'अविभाज्य' अशा अर्थाची नावे आहेत. कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी १९६० च्या सुमारास केलेल्या अभ्यासातून हे पक्षी फार लहान वयातच जोडीदार निवडतात आणि ती जोडी टिकवतात, हे स्पष्ट झाले.

येथे एक फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. राघूची जोडी तशी नसते. राघूमध्ये मादीचे वर्चस्व असते, आणि नर-मादीची जवळीक मुख्यतः विणीच्या हंगामात दिसते. लव्हबर्ड मात्र वर्षभर एकमेकांना खेटून बसतात, एकमेकांची पिसे साफ करतात. भारतीय घराने लव्हबर्डवरून जोडीची कल्पना उचलली आणि तिचा अर्थ लग्न असाच लावला. कालिंदी आणि परिहास यांचे लग्न लावणाऱ्या परंपरेला हे साहजिकच होते. विक्रेतेही पक्षी 'नर-मादी' म्हणून विकू लागले. वस्तुतः लव्हबर्डच्या पुष्कळ जातींत नर व मादी सारखेच दिसतात, आणि राघूच्या नराच्या गळ्यातला कंठ दोन-तीन वर्षांचा झाल्याशिवाय उमटत नाही. कोवळ्या पक्ष्यांचे लिंग नुसत्या नजरेने सांगता येत नाही. बहुतेक पक्ष्यांत डीएनएवरून लिंग ओळखण्याची चाचणी ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही अडचण दूर झाली. परंतु बाजार अजून अंदाजावरच चालतो.

आंतरराष्ट्रीय व्यापारावरही याच काळात बंधने आली. वन्यजीव व्यापारविषयक 'साइट्स' करारात भारत १९७६ मध्ये सहभागी झाला. १९८१ मध्ये बजरीगार, कॉकाटील आणि राघू वगळता जवळजवळ सर्व पोपट या कराराच्या परिशिष्टांत आले. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड २००५ मध्ये त्यातून वगळला गेला, कारण पिंजऱ्यातच त्याचे मुबलक प्रजनन होत होते. उलट आफ्रिकन ग्रे हा सर्वोत्तम बोलणारा पोपट २०१७ च्या आरंभापासून सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांतील जाती चौथ्या अनुसूचीत आणल्या, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्या पाळणाऱ्यांना 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक केली. दुकानातल्या एकाच जाळीच्या पिंजऱ्यात शेजारी शेजारी बसलेल्या दोन जातींच्या लव्हबर्डपैकी एकाला नोंदणी लागते आणि दुसऱ्याला नाही, असा प्रकार यातून संभवतो.

दोन पिले

जोडी म्हणजे दांपत्यच, हा समज मागे सारल्यावर जातकातील ते दोन भाऊ पुन्हा समोर येतात. ते नर-मादी नव्हते. एका ढोलीतून एकत्र आलेले, एकमेकांना ओळखणारे दोन कोवळे पक्षी होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मीहन, गार्नर आणि मेंच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका याच प्रश्नाचा आहे. कोवळ्या अॅमेझॉन पोपटांपैकी काही एकेकटे आणि काही समलिंगी जोडीने ठेवले असता जोडीतील पक्षी अधिक हालचाल करीत, पिंजऱ्यातील साधनांशी अधिक खेळत आणि कमी किंचाळत. तीच ती निरर्थक हालचाल पुनःपुन्हा करण्याचा जो दोष पिंजऱ्यातील पोपटांत दिसतो, तो एकट्या पक्ष्यांत वाढला, जोडीतल्यांत नाही. आणि जोडीने राहिल्यामुळे ओळखीच्या माणसाविषयीची त्यांची भीती वाढली नाही. पाळणाऱ्यांच्या जुन्या समजुतीचा अर्धा भाग येथे गळून पडतो: सोबत मिळाल्याने पक्षी कदाचित कमी बोलेल, परंतु तो माणसाचा वैरी होत नाही. २०१४ मध्ये आयडिनोनाट आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकन ग्रे पोपटांच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा एकट्या ठेवलेल्या पक्ष्यांच्या गुणसूत्रांची टोके जोडीने ठेवलेल्यांपेक्षा आखूड आढळली. अशी झीज ताण आणि वार्धक्य यांच्याशी निगडित मानली जाते.

बोलण्याविषयीही जुन्या धारणेला नवा संदर्भ मिळाला आहे. आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोतील दुकानातून घेतलेला आणि २००७ मध्ये मरण पावलेला अॅलेक्स हा आफ्रिकन ग्रे रंग, आकार व संख्या यांची नावे शिकला, ते दोन माणसांचा आपसातील संवाद पाहून. एकट्याला शब्द घोकवून नव्हे. व्हेनेझुएलातील लहान हिरव्या पोपटांच्या ढोल्यांत कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आई-बापच प्रत्येक पिलाला विशिष्ट हाक देतात आणि पिलू ती थोड्या फरकाने आपली करते. ढोलीतून उचललेल्या पिलाला माणूस 'मिठू' किंवा 'राघू' म्हणतो, तेव्हा तो बिननावाच्या जीवाला नाव देत असतो, हे या संशोधनानंतर निःशंकपणे म्हणता येत नाही.

व्यवहारात याचे परिणाम साधे आहेत. सांभाळणे अशक्य झालेले दोन पक्षी दुसऱ्या घरी द्यायचे असतील तर ते एकत्र द्यावेत. एक पक्षी ठेवून घेणे आणि दुसरा देणे ही ताटातूटच असते. पिंजरा दोघांना पंख पसरता येतील एवढा असावा, आणि न जुळणाऱ्या दोन पक्ष्यांना जोडी या शब्दाखातर एकत्र कोंडू नये. आयुर्मर्यादेचाही विचार हवा. लव्हबर्ड दहा-पंधरा वर्षे जगतात. राघू पिंजऱ्यात वीस-पंचवीस वर्षे काढतो, म्हणजे शाळकरी मुलाच्या हट्टापायी आणलेला पक्षी त्या मुलाच्या लग्नानंतरही घरात असतो.

राघूच्या बाबतीत हा प्रश्न आता घरापेक्षा बचाव केंद्रांसमोर अधिक आहे. विणीच्या हंगामाअखेर जप्त केलेली पिले खोक्यांतून, पिशव्यांतून दाटीवाटीने येतात. त्यांना मोठ्या जाळीदार दालनात एकत्र वाढवतात, शक्य तितके कमी हाताळतात, त्यांच्याशी बोलणे टाळतात आणि पंखांत बळ आल्यावर समूहाने सोडतात. त्याच दालनाशेजारी एखाद्या घरातून आणून दिलेला, देवाचे नाव स्वच्छ घेणारा राघू वेगळ्या पिंजऱ्यात असतो. माणूस दिसला की तो जाळीजवळ येतो आणि बोलू लागतो. त्याला त्या पिलांबरोबर सोडता येत नाही.